इंग्लंडच्या विहिरीतलं कासव

या लिखाणात कुणाचंच नाव येणार नाही. बायकोचं तर नाहीच. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझं नाव एकदाही घेतलं नाही. लग्नातल्या उखाण्यात नावाची जागा आली तेव्हा ती चक्क खोकली, आणि वऱ्हाडी मंडळींनी तो खोकला नाव म्हणून मान्य केला. आता मी तिचं घेत नाही. फिटंफाट.

तिला जाऊन अकरा महिने झाले. मी हळू लिहितो, दिवसाला अर्धं पान. पुण्यातल्या एका कॉलेजात चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं योग्य कपाटात लावणं हे माझं काम. स्वतःचं लिहायला बसलो की प्रत्येक वाक्यापाशी वाटतं, हे नक्की कुठल्या कपाटात जाईल? शिवाय सकाळी आठ वाजता लिहिणं टाकून मला पाच मिनिटं अंगणात जावं लागतं. का, ते पुढे येईल.

समोर एक निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. अक्षर माझं. पहिल्या पानावर इंग्रजीत लिहिलंय: इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या माझ्या बालपणाच्या आठवणी. बालपण अर्थात माझं नव्हे, आमच्या शेजारीणबाईंचं. निदान वर तरी तसं लिहिलंय.

दोन हजार तेरा साली आम्ही दोघं इथे न्यूझीलंडमध्ये, पापाकुऱ्याला मुलीकडे राहायला आलो. मुलगी हॉस्पिटलात फार्मासिस्ट, जावई आयटीत, नात सहा वर्षांची. सकाळी आठनंतर घर रिकामं व्हायचं. मी पुस्तक उघडायचो आणि बायको कुंपणापाशी जायची. कुंपणापलीकडे फिजोआचं झाड होतं. फिजोआ म्हणजे आपल्या पेरूचा अत्तर लावून आलेला चुलतभाऊ. झाडाच्या निम्म्या फांद्या आमच्या अंगणात. पडलेली फळं आमची, हे इथे सगळेच मानतात. बायकोचं म्हणणं, जी पडणारच आहेत तीसुद्धा आमची. आपण थोडी घाई केली, एवढंच. ती छत्रीच्या मुठीने फांदी वाकवायची.

"आज्जी, दॅट्स स्टीलिंग," एका सुट्टीच्या दिवशी नात म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

"चोरी कसली गं? मी वेचतेय."

"देन व्हाय द अंब्रेला?"

बायकोने नातीच्या तोंडात एक फिजोआ कोंबला. तेवढ्यात वाकवलेली फांदी पलीकडून कुणीतरी खेचली. कुंपणावर एक पांढरं डोकं आलं आणि इंग्रजीत म्हणालं, "शेंड्याची घे, जास्त गोड असतात. खालची मी कालच संपवलीत."

बायकोला त्यातलं 'गोड' तेवढं कळलं. पुरेसं होतं.

शेजारीणबाई तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. लग्नानंतर बोटीने इंग्लंडहून आलेल्या, इथल्या प्राथमिक शाळेत बाई म्हणून आयुष्य काढलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकट्या राहायच्या. डोळे अधू होते, तेही चमत्कारिक रीतीने: समोरचं दिसायचं नाही, कडेचं दिसायचं. "चोर पकडायला उत्तम," त्या बायकोकडे बोट दाखवून म्हणायच्या. मला त्या मिस्टर लायब्रेरियन म्हणत. बायकोने मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून "अहो शेजारीणबाई" अशी कुंपणावरून हाक मारली आणि आठवड्याभरात त्या 'ओ' द्यायला शिकल्या.

बायकोचं इंग्रजी आठवीपर्यंतचं, त्यात एकच काळ, वर्तमान. त्यांचं मराठी शून्य. तरी बोलणं थांबायचं नाही. एक वाढली रत्नागिरीकडच्या खेड्यात, दुसरी इंग्लंडच्या. मी दोघींच्या मधला दुभाष्या, आणि मी जन्मलो पुण्यातल्या दोन खोल्यांत. आयुष्यात झाडावर चढलो नाही. आमच्याकडे खोडकरपणा म्हणजे वाचनालयाचं पुस्तक एक दिवस उशिरा परत करणं.

शेजारीणबाईंचा मुलगा दर शनिवारी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, न्यू लिनहून यायचा. साठीला टेकलेला, सज्जन, सतत काळजीत. एकदा आईची घराची किल्ली फ्रिजमध्ये सापडली. एकदा किटली पाण्याशिवाय जळली. त्यानंतर त्याने एक गुळगुळीत पुस्तिका आणली, वृद्धांच्या रेस्ट होमची. वर हसऱ्या म्हातारीचं चित्र. शेजारीणबाई तिच्यावर चहाची गरम किटली ठेवत. दोन वर्षांत त्या म्हातारीच्या तोंडावर काळं वर्तुळ उमटलं, पण पुस्तिका घरातून गेली नाही.

मग दोन हजार पंधराच्या हिवाळ्यात वाचनालयात सूचना लागली: ज्येष्ठांनी आपल्या बालपणाच्या आठवणी लिहून आणाव्यात, नोव्हेंबरात वाचन होईल. शेजारीणबाईंनी मला बोलावलं.

"माझा हात थरथरतो, डोळे असे. तुम्ही लिहून घ्याल? मुलगा ऐकायला येणार आहे. मी उभं राहून दोन पानं नीट वाचली, तर तो ती पुस्तिका परत नेईल. अडखळले, तर नाताळापर्यंत मी एका गालिचावाल्या खोलीत असेन, जिची खिडकी उघडत नाही. मी जाऊन पाहून आलेय."

आणि चहा ओतताना निम्मा बशीत सांडला. ते मात्र डोळ्यांमुळे नव्हे.

मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही बसू लागलो. त्या सांगायच्या, मी लिहायचो, बायको मटार सोलायची आणि मधूनमधून "काय म्हणाल्या?" विचारायची. मी थोडक्यात सांगायचो. तिला थोडक्यात चालायचं नाही.

पहिले दोन आठवडे वही अगदी खरी होती. खेड्यात एक दगडी चर्च, बदकांचं डबकं, आणि चर्चच्या आवारात एका बड्या जमीनदाराचं सपाट संगमरवरी थडगं. इतकी गुळगुळीत जागा पंचक्रोशीत दुसरी नव्हती, म्हणून मुलं त्यावर गोगलगायींची शर्यत लावत. शर्यत रविवारच्या प्रार्थनेआधी सुरू व्हायची आणि प्रार्थना संपून लोक बाहेर आले तरी संपलेली नसायची. पाद्री म्हणजे तिथले भटजीच म्हणा, ते एकदा रागाने थडग्यापाशी आले आणि मग म्हणाले, "डावीकडची जिंकेल."

मी हे बायकोला सांगितलं. तिने मटार खाली ठेवले. "यांना म्हणावं, आमच्या विहिरीत कासव होतं."

"आत्ता त्याचं काय?"

"सांगा तर खरं!"

मी सांगितलं. आपल्याकडे विहिरीत कासव सोडतात, ते पाणी स्वच्छ ठेवतं अशी समजूत. हिच्या माहेरच्या विहिरीतलं कासव हिच्या आजोबांनी सोडलेलं. शाळेत न जायचं असेल त्या दिवशी ही आणि हिच्या बहिणी पोहऱ्यात भात टाकून कासव वर काढायच्या आणि मास्तरांच्या खुर्चीखाली ठेवायच्या. मास्तर डोळ्यांनी अधू. पाय टेकायला पाट ठेवलाय असं समजून ते त्यावर पाय ठेवायचे, आणि भूगोल चालू असताना पाट चालू लागायचा.

शेजारीणबाई हसता हसता खोकू लागल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "लिहा."

"काय लिहू?"

"कासव. आमच्या विहिरीत बादलीशिवाय काही नव्हतं. फार कंटाळवाणी विहीर होती. लिहा."

"पण हे तुमचं नाही."

"फिजोआ तरी तुमचे होते?"

बायकोने विचारलं, "काय म्हणतायत?" मी सांगितलं. ती माझ्याकडे वळली. "अहो, लिहा ना! कासवाच्या बापाचं काय जातंय?"

"अगं, मी चौतीस वर्षं कथा वेगळ्या कपाटात आणि चरित्रं वेगळ्या कपाटात..."

"मग हे दोन्हींच्या मधे ठेवा."

मी लिहिलं. खरं सांगायचं तर चांगलं लिहिलं. विहिरीला शेवाळ दिलं, पाटाला इंग्रजी स्टूल केलं, मास्तरांना पाइप दिला. त्या दिवशी घरी येताना मला जरा जास्तच मोकळं वाटत होतं आणि मी ते बायकोला कळू दिलं नाही. तिला अर्थात कळलं.

मग धरबंध राहिला नाही. त्यांच्याकडे नोव्हेंबराच्या पाच तारखेला शेकोटी पेटवायची चाल. तेवढी इथे न्यूझीलंडमध्येही आली आहे. शेकोटीसाठी पोरं महिनाभर लाकडं चोरायची. शेजारीणबाईंच्या टोळीने पाद्र्याच्या बागेचं फाटक पळवलं होतं. बायको म्हणाली, "फाटक? एवढंच? आम्ही होळीला मास्तरांच्या संडासाचं दार नेलं. नवं दार यायला महिना लागला. तोवर मास्तर आत बसले की मोठ्याने गात बसायचे, कुणी येऊ नये म्हणून. आवाज काही वाईट नव्हता हो."

वहीत फाटकही राहिलं आणि दारही आलं. पाद्री आत बसून स्तोत्रं म्हणू लागले.

एका शुक्रवारी शेजारीणबाई म्हणाल्या, "लिहा: या सगळ्यात माझ्याबरोबर एक मैत्रीण असायची. दोन लांब वेण्या. कुणालाही भ्यायची नाही. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास यायचा."

माझं पेन थांबलं. "खोबरेल? तुमच्या खेड्यात?"

"लिहा, मिस्टर लायब्रेरियन."

बायको सिंकपाशी कप विसळत होती. तिला हे वाक्य मी भाषांतर करून सांगितलं नाही. ती नुकतीच न्हाली होती आणि साऱ्या स्वयंपाकघरात तो वास होता.

शेवटी राहिली बोंब. होळी पेटली की काय करतात, असं त्यांनी विचारलं. बायकोने हात पुसले, पालथा हात तोंडावर धरला आणि अशी बोंब ठोकली की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. शेजारीणबाई खुर्चीतून उठल्या. "हे मला शिकव." पंधरा मिनिटं दोघी समोरासमोर उभ्या राहून बोंबलत होत्या. "हात सैल!" बायको मराठीत ओरडत होती. "हात सैल सोडा हो, पोळ्या लाटत नाहीये आपण!" त्यांना ते कळत होतं.

"हे तुम्ही फक्त शेकोटीला करता?" त्यांनी मला विचारलं.

आपल्यात बोंब दोन प्रसंगी मारतात. मी म्हणालो, "हो, फक्त शेकोटीला." बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा कपांकडे वळली.

दर शुक्रवारी जाण्यापूर्वी मी आठवड्याचं लिखाण वाचून दाखवायचो. शेजारीणबाई डोळे मिटून ओठ हलवत बसायच्या. मला वाटायचं, डुलकी लागलीय.

वाचनाच्या आधीच्या शनिवारी दुपारी दाराची घंटा वाजली. त्यांचा मुलगा उभा होता, हातात निळी वही. बायको मागे कणीक मळत होती.

"तुम्ही शेजारी आहात, म्हणून विचारतो," तो हळू आवाजात म्हणाला. "अक्षर तुमचं आहे. ती सांगत गेली आणि तुम्ही भिडेखातर लिहीत गेलात, मला समजतं. पण हे कासव... इंग्लंडच्या विहिरीत कासव कुठून येणार? आणि ही वेण्यांची मैत्रीण. साठ वर्षांत तिचं नाव मी कधी ऐकलं नाही. खरं सांगा, आईचं डोकं चाललंय ना?"

मला वाटलं, सांगावं. कासव आमचं आहे. पण मग तो म्हणेल, तीन म्हाताऱ्या माणसांनी मिळून माझी थट्टा केली? चौतीस वर्षं 'शांतता राखा' या पाटीखाली बसलेल्या माणसाला असं पटकन बोलता येत नाही. मी मान हलवली. आपण हलवतो तशी, थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे. त्या मानेचा अर्थ पुण्यात प्रत्येकाला कळतो: ऐकतोय, विचार करतोय, बघू. न्यू लिनच्या माणसाने तिचा अर्थ 'हो' असा घेतला.

"प्रामाणिकपणे सांगितलंत, आभारी आहे," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "वाचन होऊन जाऊ दे. पुढच्या आठवड्यात मी तिच्यासाठी ती खोली पक्की करतो."

दार लागल्यावर बायकोने विचारलं, "काय म्हणत होता?" मी सांगितलं.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. मान हलवली."

"मान?" कणकेचे हात तसेच वर. "अहो, त्या मानेवर मीसुद्धा चाळीस वर्षं फसतेय! तो बिचारा साहेब काय करणार? तुमच्या एका मानेने तिचं घर जाईल!"

मी त्याला पत्र लिहायला बसलो. तीन मसुदे केले. पहिला फार लांब, दुसरा फार लाचार, तिसऱ्यात कासवाची प्रस्तावनाच दीड पान झाली. एकही टाकला नाही. बायकोने तोवर कुंपणापाशी जाऊन सगळा प्रकार अभिनय करून शेजारीणबाईंना सांगितला होता, माझ्या मानेसकट. त्या हसल्या. म्हणाल्या, "येऊ दे त्याला." पण कुंपणाची फळी त्यांनी घट्ट धरली होती, आणि बायकोने त्या हातावर आपला पिठाचा हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

गुरुवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत वीसेक म्हातारी माणसं जमली होती. चहा, स्कोन नावाचे छोटे पाव, ओळीने मांडलेल्या खुर्च्या. मुलगा पहिल्या रांगेत. आम्ही शेवटच्या. बायकोने लग्नाकार्यातली पैठणी नेसली होती. मी कारण विचारलं तर म्हणाली, "माझ्या मास्तरांच्या संडासाचं दार आज इंग्लंडला जातंय, साधी साडी नेसू?"

शेजारीणबाईंची पाळी आली. त्या उठल्या आणि वही मुलाच्या हातात दिली. "मला दिसत नाही. तू बघ, मी कुठे चुकते का."

आणि पाठ म्हणू लागल्या.

चर्च, डबकं, थडगं, गोगलगायी. मुलगा ओळीवर बोट ठेवून चालला होता. मी लिहिलेलं शेवाळ, मी दिलेला पाइप. एक शब्द गळत नव्हता. ज्या ठिकाणी मी स्वल्पविराम दिला होता तिथे त्या थांबत होत्या. शुक्रवारी त्या डुलक्या घेत नव्हत्या. पाद्री स्तोत्रं म्हणू लागले तेव्हा खोलीत असा हशा झाला की एका आजोबांचा स्कोन खाली पडला. मुलगा हसला नाही. त्याचं बोट कासवावरून पुढे सरकलं तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला. आई इतकं अचूक बोलते, आणि इतकं अशक्य बोलते. त्याला कळेना, यातलं काय धरावं.

"आणि शेकोटी पेटली," शेजारीणबाई म्हणाल्या, "की आम्ही असं करायचो." त्यांनी पालथा हात तोंडावर नेला. हात अगदी सैल होता.

त्या बोंबेने खिडकीच्या काचा हलल्या.  मुलगा उभा राहिला, त्याने वही मिटली, आईच्या दंडाला धरायला हात पुढे केला. आणि माझ्या शेजारून, पैठणीतून, दुसरी बोंब उठली.

वाचनालयाची बाई धावत आली. वीस माना मागे वळल्या. मुलाने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा आईकडे.

मी उभा राहिलो. कसा ते मला माहीत नाही. बायको म्हणायची, तिने चिमटा काढला म्हणून. "कासव आमचं आहे," मी म्हणालो. "म्हणजे हिचं. दारही हिचं. बोंबसुद्धा. शनिवारी मी जी मान हलवली, ती 'हो' नव्हती. ती नुसती मान होती. मी ग्रंथपाल होतो. एक पुस्तक मी चुकीच्या कपाटात ठेवलं आणि ते मला माहीत होतं."

मुलगा आईकडे वळला. "तुला ठाऊक होतं? कुठलं आपलं नाही ते?"

"मी चोरलं," त्या म्हणाल्या. "चोराला नेहमी ठाऊक असतं काय कुणाचं. विचार."

त्याने वही उघडली. 

"गोगलगायी?"

"माझ्या."

"कासव?"

"तिचं."

"फाटक?"

"माझं. आणि ते अजून कुणाला सापडलेलं नाही."

"संडासाचं दार?"

"तिचं. पाद्री माझा, गाणं मास्तरांचं."

"आणि ही वेण्यांची मैत्रीण?"

शेजारीणबाईंनी मान थोडी वळवली, कडेने दिसावं म्हणून, आणि शेवटच्या रांगेकडे बघितलं. "ती मला उशिरा मिळाली," त्या म्हणाल्या. "तिला थोडी आधी घातली."

बायको माझ्या कानाशी लागली. "काय म्हणाल्या हो? काय म्हणाल्या?"

या वेळी मी शब्द न् शब्द सांगितला. तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "हात मात्र अजून जरा कडकच होता."

पुस्तिका गेली. पण मुलाने एक अट घातली: रोज सकाळी आठ वाजता कुणीतरी आईला बघायचं किंवा ऐकायचं. तो गळ्यात घालायचं, दाबलं की मदत येते असं एक बटण घेऊन आला होता. शेजारीणबाई म्हणाल्या, गाईच्या गळ्यातली घंटा मी घालणार नाही. शेवटी असं ठरलं की आठच्या ठोक्याला त्या त्यांच्या अंगणातून बोंब मारणार आणि बायको आमच्या अंगणातून उत्तर देणार. उत्तर मिळालं, तर दोघी धडधाकट आहेत असं समजायचं. त्यांची बोंब आली नाही, तर बायकोने कुंपण ओलांडायचं आणि मुलाला फोन करायचा. जावई सुरुवातीला फार संकोचला. नात मात्र शाळेत सांगून आली. तिच्या मैत्रिणी 'स्वीट ॲज', म्हणजे इथल्या बोलीत एकदम झकास, असं म्हणाल्या म्हणे.

अडीच वर्षं हे रोज चाललं. पावसात बायको छत्री घेऊन बोंब मारायला जायची. तीच छत्री.

गेल्या वर्षी जूनमध्ये, दुपारचा चहा टाकता टाकता ती गेली. डॉक्टर म्हणाले, काही कळलंही नसेल. चहाचं आधण तसंच उकळत होतं. ते मी बंद केलं, एवढंच मला नीट आठवतं.

आपल्यात बोंब दोन प्रसंगी मारतात असं मी वर म्हटलं. दुसरा प्रसंग हा. चिता पेटली की अग्नी देणाऱ्याने पालथा हात तोंडावर धरून बोंब मारायची असते. इथे चिता नव्हती. गालिचा होता, पडदा होता, एक बटण होतं. गुरुजी कानात म्हणाले, इथे ते राहिलं तरी चालेल, लोक दचकतात. मला बरं वाटलं. मी आयुष्यात कधी बोंब मारली नव्हती, ना होळीला, ना कधी. मी मान हलवली.

त्यानंतर सकाळचे आठ गप्प झाले. पलीकडूनही आवाज येईना. चौदाव्या दिवशी संध्याकाळी शेजारीणबाईंचा मुलगा आला. बराच वेळ बायकोच्या फोटोपुढे उभा राहिला. मग म्हणाला, "आई म्हणते, उत्तर देणारं कुणी नाही, तर मी कशाला ओरडू? बटण अजूनही नको म्हणते. मी रोज न्यू लिनहून येऊ शकत नाही." दाराकडे वळता वळता म्हणाला, "ती पुस्तिका मी परत मागवलीय. तुम्हाला कळावं म्हणून सांगतो."

मी मान हलवणार होतो. हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी आठला पाच कमी असताना मी अंगणात गेलो. दव पडलं होतं. झाडाखाली शेवटचे काही फिजोआ पडून सडले होते, वेचायला कुणी आलं नव्हतं. पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला, चपलांचा आला, आणि मग काहीच नाही. त्या उभ्या होत्या. मी इकडे उभा होतो. मधे कुंपण.

मी पालथा हात तोंडावर नेला. आवाज फुटला तो माझा वाटला नाही. आधी खरखर, मग काहीतरी फार लांबलेलं, जे मला थांबवता येईना. समोरचा कुत्रा भुंकू लागला. स्वयंपाकघराच्या खिडकीत मुलगी आणि नात येऊन उभ्या राहिल्या. शेवटी दमच संपला.

कुंपणापलीकडे दोन पावलं वाजली. मग नाक शिंकरल्याचा आवाज. मग शाळेतल्या बाईंच्या आवाजात:

"हात फार कडक, मिस्टर लायब्रेरियन. सैल सोडा. पुन्हा."

मी हात सैल सोडला आणि पुन्हा मारली. या वेळी उत्तर आलं.